वाचक विचारतात : वाळवंटातले बंब

एप्रिलच्या अंकात अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त मुंबई अग्निशमन दलावर लेख प्रसिद्ध झाला, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी राज्यांविषयी आहेत. ॲरिझोना आणि नेवाडा येथे मुलाबाळांकडे राहून आलेल्या वाचकांनी तिथे जे पाहिले, त्याबद्दल विचारले आहे.

प्रश्न : मुलगा फिनिक्सजवळच्या चॅन्डलरला असतो. शेजारच्या आजोबांच्या छातीत दुखू लागले म्हणून ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला, तर रुग्णवाहिकेच्या आधी भलामोठा लाल बंब दारात उभा! आग नसताना बंब कशासाठी? आणि एका घराच्या स्वयंपाकघरातील आगीला पाच-सहा गाड्या का येतात? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : त्या बंबावर साधारणपणे चौघे असतात. त्या सर्वांना वैद्यकीय मदतीचे शिक्षण मिळालेले असते आणि अनेक बंबांवर पॅरामेडिकही, म्हणजे रुग्णालयाबाहेर तातडीचे प्रगत उपचार करणारे प्रशिक्षित कर्मचारी, असतात. त्यामुळे हृदयाचा आलेख काढणे, शिरेतून औषध देणे, गरज पडल्यास विजेचा झटका देणे ही कामे रुग्णवाहिकेची वाट न पाहता सुरू होतात. तिथल्या केंद्रांना येणाऱ्या वर्द्यांमध्ये, म्हणजे मदतीच्या फोनांमध्ये, आगीच्या वर्द्या थोड्या आणि आजारपणाच्या व अपघातांच्या फार. अग्निशमन केंद्रे शहरभर विखुरलेली असल्याने जो बंब जवळ, तो आधी निघतो. आपल्याकडे आगीसाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ अशी दोन वेगळी दारे ठोठावावी लागतात, म्हणून आपल्याला हे नवलाचे वाटते.

तथापि मला विचाराल, तर घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. फिनिक्स आणि तिच्या भोवतालच्या शहरांनी १९७०च्या दशकात परस्परांशी करार करून आपापल्या हद्दी अग्निशमनापुरत्या जवळजवळ पुसून टाकल्या. नियंत्रण कक्षातील संगणकाला प्रत्येक गाडी त्या क्षणी कुठे आहे हे दिसते आणि तो सर्वांत जवळची गाडी पाठवतो, मग ती कोणत्याही शहराची असो. गोंधळ होऊ नये म्हणून केंद्रांचे क्रमांकही वाटून घेतलेले आहेत : टेम्पेची केंद्रे २७१पासून, चॅन्डलरची २८१पासून, स्कॉट्सडेलची ६०१पासून. तेव्हा आपल्या दारात आलेल्या बंबावर २७१ असे लिहिलेले असते, तर तो शेजारच्या गावाचा आहे हे आपल्याला तिथेच कळले असते. आपण मुलुंडच्या रहिवासी आहात. चेकनाक्याच्या पलीकडे ठाण्याचे दल वेगळ्या महापालिकेचे आहे आणि त्याची मदत एरवी मागवावी लागते. फिनिक्सकडे मागवण्याची ही पायरीच काढून टाकली आहे.

आता गाड्यांच्या संख्येविषयी. १४ मार्च २००१ रोजी फिनिक्समधील एका सुपरमार्केटच्या आगीत अग्निशमन दलाचा एक जवान आत वाट चुकला, त्याच्या नळकांड्यातील हवा संपली आणि तो दगावला. त्यानंतर दलाने रिकाम्या इमारतींत बचावाच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा एका जवानाला बाहेर काढण्यास सुमारे १२ जण लागतात आणि सुटकेला गेलेल्या पाचांपैकी एक स्वतःच अडचणीत येतो, असे दिसून आले. शिवाय ४५ अंशांच्या उन्हात जाड अंगरखा आणि पाठीवर हवेचे नळकांडे घेतलेला माणूस फार वेळ काम करू शकत नाही. त्याला आळीपाळीने सावलीत आणून थंड पाणी द्यावे लागते आणि तोवर दुसरी तुकडी हाताशी असावी लागते. आग आटोक्यात आल्यावर आलेल्या गाड्या परत पाठवता येतात, पण ऐनवेळी कमी पडलेली माणसे कुठून आणणार?

प्रश्न : वाळवंटात आग विझवायला पाणी येते कुठून? (एक वाचक, दादर)

उत्तर : शहरांत नळ आहेत. फिनिक्सला सॉल्ट आणि व्हर्डे या नद्यांचे, तसेच सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून कोलोरॅडो नदीचे पाणी मिळते आणि रस्त्यांवरील हायड्रंटना, म्हणजे बंबांसाठीच्या नळखांबांना, त्याचा पुरवठा होतो. खरा प्रश्न शहराबाहेर, जिथे दोन घरांत मैलभराचे अंतर असते, तिथे निर्माण होतो.

अशा ठिकाणी पाणी सोबतच न्यावे लागते. शहरी बंबाच्या टाकीत किमान ३०० गॅलन, म्हणजे सुमारे ११०० लिटर पाणी असावे असा अमेरिकी निकष आहे. जोराच्या फवाऱ्याच्या नळीपुढे ते मिनिट-दोन मिनिटांत संपते. झुडपांच्या आगीसाठी चारही चाकांना जोर असलेली लहान गाडी वापरतात. ती जेमतेम ५७० लिटर पाणी घेऊन निघते, पण वाळूत रुतत नाही आणि चालता चालता फवारा मारते. या दोहोंच्या मागे आपल्या जंबो टँकरसारखी मोठी गाडी येते. घटनास्थळी ताडपत्रीचा घडीचा हौद उघडून ती त्यात पाणी ओतते आणि पुन्हा भरून आणायला जाते, तोवर बंब त्या हौदातून पाणी ओढत राहतो. हौद कोरडा पडू न देणे हे सगळे कसब, आणि ते चालकांच्या फेऱ्यांवर अवलंबून.

पाण्याच्या वेळेचे गणित किती जीवघेणे असते, हे ५ जुलै १९७३ रोजी ॲरिझोनातील किंगमन येथे दिसले. प्रोपेन वायूच्या रेल्वे टाकीला आग लागली होती आणि टाकी थंड करण्यासाठी पाण्याचा मारा सुरू करण्याची तयारी चालू असतानाच ती फुटली. ११ अग्निशामक मृत्युमुखी पडले.

प्रश्न : हेलिकॉप्टरला लटकलेले स्ट्रेचर भोवऱ्यासारखे गरगर फिरते आहे, असा एक व्हिडिओ आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर फिरत होता. तो तिथलाच का? तिथे डोंगरात अडकलेल्यांना कोण सोडवते? (एक विद्यार्थिनी, गिरगाव)

उत्तर : होय, तो ४ जून २०१९चा, फिनिक्समधील पिएस्टेवा शिखरावरचा. पडून जखमी झालेल्या ७४ वर्षांच्या बाईंना वर घेतले जात होते. पंख्याच्या वाऱ्याने स्ट्रेचर फिरू नये म्हणून खालून जो दोर धरून ठेवतात, तो तुटला. त्यानंतर वैमानिकाने हेलिकॉप्टर पुढे नेऊन स्ट्रेचर स्थिर केले आणि त्या वाचल्या.

सुटकेची जबाबदारी जागेनुसार बदलते. ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे शोध आणि बचाव हे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरीफचे, म्हणजे निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाचे, काम असून त्याच्या हाताखाली स्वयंसेवकांची पथके असतात. ग्रँड कॅन्यनसारख्या राष्ट्रीय उद्यानात तेच काम उद्यानाचे रेंजर करतात. फिनिक्सच्या शहरातच उभ्या असलेल्या डोंगरांवर मात्र अग्निशमन दलाचे जवान चढतात. तिथला घातक शत्रू कडा नव्हे, ऊन होय. २०२३च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर राहिला, आणि फिनिक्स ज्यात येते त्या मॅरिकोपा काउंटीत त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. अतिउष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी शहरातल्या कॅमलबॅक आणि पिएस्टेवा या डोंगरांवरील वाटा भर उन्हाच्या वेळी बंद ठेवतात, कारण तिथे चढणाऱ्याइतकाच त्याला आणायला जाणाराही धोक्यात येतो. २०२४पासून फिनिक्सच्या जवानांनी उष्माघाताच्या रोग्यासाठी नवी रीत अवलंबली : पाणी न गळणाऱ्या पिशवीत त्याला ठेवायचे, भोवती बर्फ आणि पाणी भरायचे आणि त्याच अवस्थेत रुग्णालयाकडे निघायचे.

आपल्याला कदाचित खरे वाटणार नाही, पण याच दलांकडे पुरासाठी बोटी आणि दोरांची सामग्रीही असते. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवशी पडतो तेवढा. पण कठीण जमिनीत तो मुरत नाही आणि कोरडे ओढे घटकेत भरून वाहू लागतात. रस्त्यावर अडथळे लावलेले असताना गाडी पाण्यात घालणाऱ्याकडून सुटकेचा खर्च, २००० डॉलरपर्यंत, वसूल करण्याची तरतूद ॲरिझोनाने १९९५मध्ये केली. लोक तिला सरळ ‘मूर्ख चालकांचा कायदा’ म्हणतात. मुंबईत पावसाळ्यात हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात दुचाकी रेटणाऱ्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

प्रश्न : आपल्या दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. लास वेगासच्या उत्तुंग हॉटेलांसाठी तिथे किती उंच शिड्या आहेत? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : अमेरिकी दलांत साधारणपणे १०० फुटी, म्हणजे सुमारे ३० मीटरची शिडी आढळते. लास वेगासमधील प्रसिद्ध हॉटेलांचा रस्ता खरे तर लास वेगास शहराच्या हद्दीतच येत नाही; तो क्लार्क काउंटीच्या अग्निशमन दलाकडे आहे. २१ नोव्हेंबर १९८० रोजी तिथल्या एमजीएम ग्रँड हॉटेलात तळमजल्यावरील उपाहारगृहात आग लागली आणि ८५ माणसे गेली. आग खालीच राहिली, परंतु जिन्यांतून आणि लिफ्टच्या पोकळ्यांतून धूर वर चढला आणि मृतांपैकी बहुतेक जण वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरले. शिड्या तिथवर पोहोचत नव्हत्या. गच्चीवर जमलेल्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. त्यानंतर नेवाडाने अधिक लांब शिड्यांमागे न लागता जुन्या उंच हॉटेलांनाही छतातील स्वयंचलित फवारे बसवणे कायद्याने बंधनकारक केले.