बीएस्सी झूलॉजी, नाशिक, बारावीला मॅथ्स नाही. समुद्र आणि शिपिंगच्या पॉलिसी-पर्यावरणात करिअर होईल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की बीएस्सी झूलॉजीचं शेवटचं वर्ष चालू आहे, बारावीला मॅथ्स सोडलेलं, तरी शिपिंगचे कायदे, धोरण, सागरी पर्यावरण किंवा मेरिटाइम कॉलेजात शिकवणं यातलं काही जमेल का, आणि वडील म्हणतात गंगापूर धरणापलीकडं पाणी बघितलं नाही आणि निघाली समुद्र वाचवायला. वडिलांचं वाक्य भारी आहे. तुला तूच म्हणतो, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

मी नाशिकच्या सिडकोतला. मेकॅनिकल केलं, मग एक वर्षाचा जीएमई, म्हणजे जहाजाच्या इंजिनिअरिंगचा कोर्स, मग बरीच वर्षं इंजिनरूममध्ये, चीफ इंजिनिअर झाल्यावर उतरलो आणि आता नवी मुंबईत एका इन्स्टिट्यूटला पोरांना शिकवतो, सुट्टी मिळाली की नाशिक. म्हणजे मी सांगतोय ते इंजिनरूमच्या बाजूनं दिसलेलं आहे हे धरून वाच.

आधी जे जमणार नाही ते उरकतो. ऑफिसर म्हणून जहाजावर जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, मग इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी, ते दार बंद आहे, विषय संपला. शिकवण्याचं म्हणशील तर नेव्हिगेशन, मरीन इंजिनिअरिंग असल्या मुख्य विषयांना आधी स्वतःकडं जहाजावरचं सर्टिफिकेट पाहिजे, मास्टर (कॅप्टनचं) नाहीतर एमईओ क्लास वन (चीफ इंजिनिअरचं) वगैरे, आणि वरून शिक्षकांसाठीचा वेगळा कोर्स. याचं मूळ एसटीसीडब्ल्यू नावाच्या, जहाजावरच्यांच्या प्रशिक्षणाच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, २०१० ला मनिलामध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. ज्यानं कधी वॉच, म्हणजे जहाजावरची पाळीची ड्यूटी, केला नाही त्यानं वॉच कसा करायचा ते शिकवू नये, बरोबरच आहे. पर्यावरण, इंग्लिश, फिजिक्स शिकवणारे बिगरजहाजी लोक असतात पण त्या जागा अगदी थोड्या, त्याच्यावर प्लॅन करू नकोस.

(धाकटा भाऊ असेल तर त्याच्यासाठी एक: नाशिकमध्ये "सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) काढून देतो, लगेच जॉइनिंग" म्हणून लाखो रुपये घेणारे एजंट फिरतात. इन्स्टिट्यूट डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या यादीत आहे का आणि भरती करणाऱ्याकडं आरपीएसएल हे भरतीचं लायसन आहे का हे साइटवर फुकट बघता येतं. बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.)

आता पॉलिसी. आजकाल सगळ्यांनाच पॉलिसी करायचीय, त्यामुळं ब्लू इकॉनॉमीचे (समुद्रावर चालणारं अर्थकारण) सहा आठवड्यांचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स जोरात विकले जातात. माझं मत सरळ आहे, बाविसाव्या वर्षी थेट पॉलिसीत घुसायला जाऊ नकोस, आधी असं एक काम हातात घे ज्याच्यावाचून नियम कागदावरच राहतो. म्हणजे कसं ते सांगतो. जहाजाच्या तळाशी तेलकट पाणी साचतं, बिल्ज म्हणतो आम्ही, ते समुद्रात सोडताना त्यात तेल १५ पीपीएमच्या (दहा लाखात १५ भाग) वर नको हा मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम. लंडनला आयएमओमध्ये, म्हणजे शिपिंगसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संघटनेत, बसून लिहायला एक ओळ. खाली इंजिनरूममध्ये त्याच ओळीचा तेल-पाणी वेगळं करणारा एक सेपरेटर होतो, एक मीटर, एक व्हॉल्व्ह आणि एक ऑइल रेकॉर्ड बुक ज्याच्या प्रत्येक नोंदीवर सही. आणि हुशार इन्स्पेक्टर आला की तो नुसतं बुक चाळत बसत नाही, टॉर्च घेऊन पाइपांच्या फ्लँजचे, म्हणजे सांध्यांचे, बोल्ट बघत फिरतो. सगळे बोल्ट जुने, रंगाचे थर चढलेले, आणि एकाच फ्लँजचे ताजे रंगवलेले दिसले की तिथंच उभा राहतो, कारण मीटरला वळसा घालून तेल बाहेर सोडायला कोणीतरी तिथं जादा पाइप जोडला होता आणि आता काढून रंग मारलाय. मॅजिक पाइप म्हणतात त्याला, अमेरिकेत त्यापायी चीफ इंजिनिअर तुरुंगात गेलेत. ज्याला हा बोल्ट माहितीये तो नियम लिहायला बसला तर वेगळा लिहितो.

तू म्हणशील मला कुठं बोल्ट कळतात. नको कळू देत. तुझ्या झूलॉजीतच असं एक काम आहे आणि ते कॉलेजात कोणी सांगत नाही.

जहाज माल उतरवून रिकामं झालं की वर उचललं जातं, प्रोपेलर पाण्याबाहेर यायला लागतो, तोल जातो, म्हणून त्याच बंदराचं पाणी टाक्यांमध्ये भरून घेतात, मोठ्या जहाजाला हजारो टन, आणि पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात. हे बॅलास्ट. त्या पाण्यासोबत तिथल्या अळ्या, अंडी, प्लँक्टन, जिवाणू सगळे बिनतिकिटाचे इकडून तिकडे. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या किनाऱ्यावरची एक जेली (जेलीफिशसारखा जीव) अशीच काळ्या समुद्रात पोचली आणि तिथली अँकोव्ही या छोट्या माशाची मासेमारी बसली. झेब्रा मसल हे शिंपले युरोपातून ग्रेट लेक्समध्ये गेले आणि पाणीपुरवठ्याचे पाइप तुंबवून बसले. लांब कशाला जायचं, आपल्या मुंबई आणि विशाखापट्टणमच्या गोद्यांमध्ये मायटिलॉप्सिस सॅली नावाचा मध्य अमेरिकेकडचा शिंपला कधीपासून ठाण मांडून आहे.

म्हणून २००४ ला बॅलास्ट वॉटर कन्व्हेन्शन झालं आणि ते लागू व्हायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडलं, यावरूनच समज या क्षेत्राचा वेग काय असतो. आता जहाजावर पाणी फिल्टर करून यूव्ही नाहीतर क्लोरिननं मारायची यंत्रणा असते. आणि मर्यादा बघ कशी आहे: ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव एक घनमीटर पाण्यात १० पेक्षा कमी, १० ते ५० मायक्रॉनचे एका मिलिलीटरमध्ये १० पेक्षा कमी, कॉलरा आणि ई कोलायची मर्यादा आणखी वेगळी. हे मोजणार कोण? मी नाही, मला कोपेपॉड (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) आणि कचरा सारखाच दिसतो.

आमच्या जहाजावर सॅम्पलिंगला आलेली एक पोरगी आठवते, असेल पंचविशीची, बॉयलरसूट दोन साइज मोठा. डिस्चार्ज लाइनला होज लावून तिनं हजार लिटर पाणी बारीक जाळीतून जाऊ दिलं, खाली बाटलीत जे उरलं ते घेऊन तिथंच मायक्रोस्कोप मांडला, कारण उशीर झाला तर जिवंत असलेलेही बाटलीत मरतात आणि जहाज फुकटात पास होतं. मग एकेक जीव सुईनं हळूच डिवचायचा, हलला तर काउंटरचं बटण दाबायचं. कॅप्टन, चीफ मेट आणि मी असे तिघं गप्प उभे होतो, तिच्या आकड्यावर आमचं पुढचं सगळं अवलंबून. १ जून २०२२ पासून यंत्रणा नवीन बसवली की अशी चाचणी सक्तीची झालीये. या कामाला झूलॉजीवाला, मायक्रोबायोलॉजीवालाच लागतो.

जहाजाच्या बुडाला चिकटणारे बार्नेकल, म्हणजे कवचवाले जीव, हा याचाच चुलतभाऊ विषय. बूड खडबडीत झालं की इंधन जास्त जळतं, म्हणजे कार्बन जास्त, म्हणजे पुन्हा पॉलिसी. आंतरराष्ट्रीय शिपिंगवर यापुढं कार्बनचा दबाव वाढतच जाणार आहे, जगाच्या एकूण उत्सर्जनात शिपिंगचा वाटा जवळपास ३ टक्के आहे आणि २०५० च्या आसपास नेट झिरो असं आयएमओनं २०२३ ला ठरवलंय. ठरवणं सोपं असतं, त्यासाठीची प्रत्यक्ष नियमावली एप्रिल २०२५ ला मंजुरीपर्यंत आली आणि ऑक्टोबरमध्ये अंतिम मतदानच वर्षभर पुढं ढकललं.

मग करायचं काय. मरीन बायोलॉजी किंवा ओशनोग्राफीत एमएस्सी कर: गोवा युनिव्हर्सिटी, कोचीचं कुसॅट विद्यापीठ, तामिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलै युनिव्हर्सिटीचं सेंटर, ही नावं खरी. कुठंही गेलीस तरी डिझर्टेशन (शेवटचा संशोधन प्रकल्प) गोव्याच्या एनआयओमध्ये, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, किंवा त्यांच्या मुंबईतल्या सेंटरला करायला बघ, २००० ते २००४ मध्ये आयएमओचा बॅलास्टचा जागतिक प्रकल्प सहा देशांमध्ये झाला त्यात आपलं मुंबई बंदर होतं आणि अभ्यासाचं काम एनआयओनं केलं होतं, म्हणजे या विषयाची माणसं तिथं आहेत. सोबत सीएसआयआर नेट, ही संशोधन फेलोशिपची परीक्षा. कांदळवनात रस असेल तर आपल्या राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, त्यांचं ऐरोलीचं केंद्र एकदा बघून ये, नाशिकहून सकाळी निघून रात्री परत येशील.

दुसरा रस्ता कायद्याचा, आणि झूलॉजी अधिक कायदा हे कॉम्बिनेशन मला तरी फार कमी दिसलंय. २५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ बुडालं, ६४० कंटेनर, केरळच्या किनाऱ्यावर प्लास्टिकच्या मण्यांचा खच पडला. केरळ सरकारनं हायकोर्टात ९,५३१ कोटींचा दावा लावला. आता इतक्या कोटींमध्ये मासेमाऱ्याचं नुकसान किती, समुद्रतळाचं किती, हे कोर्टात सिद्ध करायला शास्त्र कळणारा वकील नाहीतर कायदा कळणारा शास्त्रज्ञ पाहिजे. मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा धडकलं तेव्हाही हेच, तेल, कीटकनाशकांचे कंटेनर, मच्छीमारांचे हाल. तीन वर्षांची एलएलबी नाशिकमध्ये राहून होते, पुढं गांधीनगरच्या गुजरात मेरिटाइम युनिव्हर्सिटीत मेरिटाइम लॉचं एलएलएम आहे. २०२५ ला संसदेनं मर्चंट शिपिंगचा १९५८ चा कायदा आणि बंदरांचा १९०८ चा कायदा दोन्ही बदललेत, म्हणजे जुन्या वकिलांनाही नव्यानंच वाचायला लागतंय, तुझ्या पथ्यावर.

स्वीडनच्या मालमोमधली वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटी तू लिहिली होतीस. उत्तम जागा आहे, आयएमओनं १९८३ ला काढली, ओशन सस्टेनेबिलिटीचं स्पेशलायझेशन आहे, फेलोशिपही मिळतात. पण तिथं बहुतेक जण काही वर्षं सरकारी मेरिटाइम खात्यात, बंदरात, अकादमीत काम करून आलेले असतात. बीएस्सीनंतर लगेच तिकडं अर्ज करण्यात वेळ घालवू नकोस, तिशीच्या आसपास बघ.

आणि नाशिकला समुद्राचं काय, यावर वडिलांना सांगायला एक गोष्ट. पिंपळगाव, दिंडोरीकडं ओळखीत कोणाची एक्स्पोर्टची द्राक्षबाग असेलच. तो माल प्रीकूलिंग होऊन शून्य अंशाच्या आसपास रीफर, म्हणजे थंड कंटेनरमध्ये बंद होतो, न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जातो. २०२४ च्या सीझनला तांबड्या समुद्रात हल्ले चालू होते म्हणून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, जवळपास दोन आठवडे जादा, भाडं वाढलं, घड तिकडं पोचेपर्यंत देठ सुकण्याची धास्ती. एक्स्पोर्टरकडून फ्रेटचं बिल माग आणि मूळ भाड्याखालच्या ओळी वाच, युरोपनं २०२४ पासून जहाजांच्या कार्बनवर पैसे लावलेत, तो सरचार्ज तिथं सापडेल. जहाज हळू चालवलं तर कार्बन कमी, पण द्राक्षाचे दिवस वाढतात, हा झगडा निफाडच्या शेतकऱ्याच्या खिशात येऊन मिटतो आणि त्यावर मराठीत धड लिहिणारं मला कोणी दिसत नाही. तुला एमएस्सीआधी काही लिहून दाखवायचं असेल तर हे घे.

वाढवणचंही आहे. डहाणूजवळ ७६,२२० कोटींचं बंदर, ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं, मच्छीमारांचा विरोध जुना आणि माझ्या मते बराचसा रास्त. बाजू कुठलीही घे, तिथं पुढची कित्येक वर्षं गाळ, तळातले जीव, मासे मोजत राहायला लागणार. पर्यावरण अहवाल करणाऱ्या कन्सल्टन्सींना इकॉलॉजीचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ ठेवावाच लागतो, त्यासाठी मास्टर्स लागतं. कॉपी-पेस्ट अहवालांचा सुळसुळाट आहे, तुला नको तिथं सही मागतील, तेवढं डोक्यात असू दे.

पगाराचं शेवटी विचारलंस. घरच्यांनी मर्चंट नेव्हीचे आकडे ऐकून ठेवले असतील तर ते विसरायला सांग, ते जहाजावरच्यांचे. नेट-जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. प्रोजेक्टवर लागलीस तर त्याहून कमी, आणि प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधाशोध. कन्सल्टन्सी, बंदर, क्लासिफिकेशन सोसायटी (जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्था) इकडं पगार अनुभवानं वाढतो, पण पहिली चार-पाच वर्षं हात आखडूनच. वडिलांशी हे आत्ताच बोलून घे, एमएस्सीची फी भरल्यावर नको.