खाडीच्या तोंडाशी तळ मोजायचाय?

मल्टीबीमचा (आवाजाच्या अनेक झोतांनी तळाचा रुंद पट्टा एकदम मोजणारं यंत्र) नाद सध्या सोडा. सिंगल बीम एकोसाउंडर (आवाजाचा एकच झोत खाली सोडून प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र) आणि जीपीएस पुरे.

- भरतीची दुरुस्ती सगळ्यात आधी. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. ते वजा केलं नाही, तर नकाशावर नसलेले वाळूचे दांडे उगवतात. नवख्यांचे बरेच ‘शोध’ असलेच! बोटीखाली सेन्सर किती बुडालाय, तेही मोजून लिहा.
- बोट चालवत खोली मोजायच्या रेघा किनाऱ्याला काटकोनात मारा, दोन-तीन त्यांना छेदणाऱ्या. छेदावर खोली जुळेना, तर तिथेच थांबून कारण शोधा.
- स्क्रीन बघून चिखल की वाळू ठरवू नका. ग्रॅबने (दोरीने तळाशी सोडायचा जबडा) गाळ उचला, बोटांत चोळा. भांगाला (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) जा, ओढ कमी असते.

गाळ कुठे सरकतो हे एका फेरीत कळत नाही. पावसाळ्याआधीच्याच रेघा पावसाळ्यानंतर पुन्हा मारा. बॅकस्कॅटर (तळावरून परतलेल्या आवाजाचा जोर) वगैरे नंतर बघू.