शांत गेलेल्या वर्षाचा आढावा पहिल्यांदाच लिहिताय?

वर्षात काही घडलंच नाही असं वाटत असलं तरी बसा लिहायला. फक्त आठवणीवर विसंबू नका. तसं केलं की दिवाळीनंतरचंच तेवढं आठवतं, जानेवारी ते मे कोरे राहतात. आधी हे काढून ठेवा:

- भिंतीवरचं कालनिर्णय. ३१ डिसेंबरला उतरवलंत तरी रद्दीत टाकू नका. सिलिंडर लावल्याची तारीख, दुधाचे खाडे, लग्नाच्या तारखेभोवतीचं गोल, सगळं त्या चौकटींत सापडतं.
- फोनमधले फोटो. दर महिन्याचे तीनच निवडा.
- नेटफ्लिक्सच्या खात्यात पाहिलेल्याची तारीखवार यादी मिळते. (घरात एकच प्रोफाइल असेल तर पोरांची कार्टून्स वगळा!) नाटक-सिनेमाची तिकिटं मेसेजमध्ये शोधा.

मग महिन्याला दोन-तीन ओळी, बस्स. नवखे हमखास इथे फसतात: पन्नास सिनेमा-मालिकांच्या नावांची नुसती यादी देतात. पाचच घ्या, कुणाबरोबर पाहिलं, कितव्या भागाला कंटाळून सोडलं, ते लिहा. अर्धवट राहिलेली पुस्तकंही येऊ द्यात. गुण, तारे यंदा नकोतच. आणि घरातलं आजारपण किंवा पैशाचं लिहिणार असाल, तर ज्याचं आहे त्याला आधी विचारा.