इटलीच्या सहलीत हाताने बनवलेल्या टाइल्स घ्यायच्या आहेत. कुठे आणि कशा घ्याव्यात?

अमाल्फी किनाऱ्याकडे जाणार असाल तर सालेर्नोला लागून असलेलं व्हिएत्री सुल मारे गाठा. गल्लीगल्लीत टाइल्स आणि ताटल्यांची दुकानं आहेत. सिसिलीत असाल तर काल्ताजिरोने हे गाव गाठा. तिथल्या 142 पायऱ्यांच्या जिन्याची प्रत्येक पायरी वेगळ्या टाइल्सनी मढवलेली आहे, आधी ती बघा म्हणजे नजर तयार होते.

घेताना टाइल उलटी करून बघा. मागे 'दिपिंतो आ मानो' लिहिलेलं असेल तर नक्षी हाताने रंगवली एवढाच त्याचा अर्थ. खालची टाइल यंत्रातून निघालेली असू शकते. 'फात्तो आ मानो' म्हणजे हाताने घडवलेली. एकाच नक्षीच्या दोन टाइल्स शेजारी ठेवा. रेषा तंतोतंत जुळल्या तर छापील समजा.

वजनाचा विचार मात्र आधी करा. वीस सेंटिमीटरची जाड टाइल पाऊण किलोच्या आसपास भरते, दहा घेतल्या की बॅगेचं गणित कोलमडलंच! मी चारच आणल्या, कपड्यांत गुंडाळून, उभ्या ठेवून. भिंतभर हव्या असतील तर दुकानदारालाच पेटीत भरून पाठवायला सांगा, आणि चार-पाच जास्तीच्या मागवा. नंतर तोच रंग पुन्हा मिळणं कठीण.