आमच्या नदीतले शिंपले संपले, पण गोगलगायी वाढल्या. असं का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी नदीत उतरलं की पायाला शिंपले लागायचे. आता वाळूत नुसत्या रिकाम्या शिंपा मिळतात आणि घाटाच्या दगडांवर गोगलगायींचा मात्र खच असतो. दोन्ही मृदुकाय, पाणी एकच, तर हे कसं?

मी कृष्णाकाठचा. आमच्याकडे शिंप दगडावर घासून तिला मधोमध भोक पाडायचे आणि तिनंच कैरी सोलायचे. पुढं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि दरवर्षी हाच प्रश्न मुलांना विचारत आलो. उत्तर ठरलेलं: 'प्रदूषण, सर.' ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. शिंपल्याची खरी अडचण माशात आहे.

नर शुक्राणू पाण्यात सोडून देतो, मादी ते पाण्याबरोबर आत ओढून घेते आणि अंडी तिच्या कल्ल्यांतच वाढतात. त्यातून निघणारी पिल्लं, म्हणजे ग्लोकिडिया, मिलिमीटरच्या पाव हिश्शाएवढी. दोन झडपांचा जिवंत चिमटाच म्हणा. जवळून मासा गेला की त्याच्या कल्ल्याला नाहीतर परांना धरायचं. माशाची कातडी त्यांच्यावर चढते आणि त्या पापुद्र्यात काही दिवस ते काही आठवडे राहून, पुरता छोटा शिंपला होऊन ती तळाशी गळून पडतात. मासा भेटला नाही तर लवकरच मरतात. नको तो मासा भेटला तर त्याचं शरीरच त्यांना झटकून टाकतं. लाखांतली बहुतेक अशीच वाया जातात.

एवढा आटापिटा कशाला? वाहत्या नदीत सगळं खालच्या अंगाला वाहून जातं आणि शिंपल्याला काही पोहता येत नाही. वरच्या डोहापर्यंत त्याची पिल्लं नेणारं वाहन एकच, मासा.

आता मधे कोल्हापुरी बंधारा घाला. दिवाळीच्या आगेमागे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पडले की मासा अडला, म्हणजे पिल्लंही अडली. वर पाणी तुंबून तळाला गाळ बसतो आणि त्यात नखाएवढा शिंपला गुदमरतो. वाळूउपसा तर शिंपल्यांसकट तळच उचलून नेतो. त्यात जुने मासे जाऊन जाळ्यात चिलापीच (म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया मासा) भरायला लागली, तर वाहनही गेलं. (अलीकडं मोत्यांच्या शेतीच्या नादात लोक नदीतूनच पोती भरभरून शिंपले नेतात. व्हिडिओतलं नफ्याचं गणित मला कधीच पटलेलं नाही, पण तो विषय वेगळा.)

युरोपात नदीतल्या मोत्याच्या शिंपल्याचं हेच झालं. तो शंभरी सहज ओलांडतो आणि त्याच्या पिल्लांना ट्राउट किंवा सामन मासाच लागतो. कित्येक नद्यांत म्हातारे शिंपले दिसत राहिले, म्हणून सगळं ठीक वाटलं. पाहिलं तर पिल्लू एकही नाही. उलट झेब्रा शिंपल्याला मासा लागतच नाही, त्याची पिल्लं पाण्यात मोकळी तरंगतात. 1980 च्या दशकात तो जहाजांच्या पोटात तोल राखायला भरलेल्या पाण्यातून अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत पोचला आणि काही वर्षांत तिथल्या मूळ शिंपल्यांच्या अंगावर थर देऊन बसला.

गोगलगायींचं कोडं आता सोपं आहे. शिंपला कल्ल्यांनी श्वास घेतो, त्यामुळं सांडपाण्यानं प्राणवायू घटला की तो गेला. तुमच्या घाटावरच्या गोगलगायी बहुधा फुप्फुसाच्या असणार. त्या वर येऊन हवा घेतात. अंडी चिकट गोळ्यात दगडाला लावली की काम झालं, मासा हवाच कुठं? शेवाळ तर सांडपाण्यावर पोसलेलं. एक शंख टोक वर करून, तोंड आपल्याकडं धरून बघा. तोंड डाव्या हाताला असेल आणि शंख पातळ, बोटाच्या पेरापेक्षा लहान असेल, तर ती बहुतेक फायसा, परदेशातून आलेली पाहुणी. चपट्या चकतीसारखा शंख असेल तर मात्र त्या पाण्यात गुरं घालू नका. तिच्यातून निघणाऱ्या एका कृमीनं बैलांच्या नाकात गाठी होऊन ते घोरायला लागतात, आणि तिच्यातल्याच काही कृमींमुळं माणसाच्या अंगाला खाज सुटते.

शिंपले गेल्यानं नदीचं काय जातं? एकेक शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळतो. खायचं ते खातो, नको ते शेंबडात गुंडाळून तळाशी टाकतो. त्यावर किडे नि अळ्या जगतात आणि त्यांच्यावर मासे. म्हणजे मासे शिंपल्यांची पिल्लं वाहतात, आणि माशांच्या जेवणाची सोय शिंपले करतात. पण 'शिंपले सोडा, नदी साफ करा' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. गटाराच्या पाण्यात आधी तेच मरतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांना गुडघाभर पाण्यात वाळू चाळून बघा. मोठे शिंपले मोजू नका, अंगठ्याच्या नखाएवढे शोधा. मिळाले तर होते तिथंच वाळूत परत खोचा, आणि कुठल्या अंगाला मिळाले ते इथं लिहा.