राज्य विधिमंडळाकडे निघालेल्या नवोदितास

आपण न्यू जर्सीच्या असेंब्लीची, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाची, निवडणूक पर्यावरणाच्या प्रश्नावर लढवू इच्छिता, हे वाचून आनंद झाला. मात्र सुरुवात आपल्या गावापासून करावी. नेल्लोरला जन्मलेले विद्युत अभियंते उपेंद्र चिवुकुला आधी फ्रँकलिन टाउनशिपचे नगरसेवक व महापौर झाले, २००२ मध्ये असेंब्लीत आले आणि २०१२ च्या सौरऊर्जा कायद्याच्या पुरस्कर्त्यांत त्यांचे नाव लागले, तोवर मध्ये दहा वर्षे गेली होती. नागपूरच्या स्वाती दांडेकरसुद्धा आयोवाच्या विधिमंडळात जाण्यापूर्वी शालेय मंडळावरच होत्या.

नवखे उमेदवार दोन चुका हमखास करतात:

१. केवळ आपल्या मंडळींच्या मतांवर विसंबणे. गणेशोत्सवात टाळ्या मिळतात, मतदारसंघ मात्र त्याहून बराच मोठा असतो.

२. हवामानबदलावर व्याख्यान देणे. विधिमंडळाच्या समितीपुढील माझ्या पहिल्याच साक्षीत मी हिमनद्यांवर बोलत राहिलो, वेळ संपल्याची घंटा झाली आणि विधेयकाचा क्रमांक सांगायचाही राहून गेला! लोकांना आपले तळघर दर पावसाळी वादळात का तुंबते, वीजबिल का वाढते, हे आधी ऐकायचे असते.

समित्यांच्या वाटपाचे राजकारण तूर्त बाजूला ठेवा. या महिन्यात नगरपरिषदेच्या बैठकीला जा आणि सांडपाण्याच्या विषयावर कोण काय बोलते, ते वहीत टिपून घ्या.