डिलिव्हरी प्रायव्हेटला झाली, डिस्चार्जही झाला, मग सिस्टर घरी कशाला येतात?

तुम्ही विचारलंय की बायकोची डिलिव्हरी प्रायव्हेटला नॉर्मल झाली, आता ती माहेरी आहे, तिथल्या उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशा ताई घरी आल्या, आधार आणि पासबुक मागितलं, सासऱ्यांना ते पटलं नाही, तर त्यांना येऊ नका म्हटलं तर चालेल का, आणि लसी प्रायव्हेटला दिल्या तर काही अडचण येते का.

चालेल, जबरदस्ती कुणी करत नाही. पण तसं म्हणू नका. मी स्वतः आरोग्य सेविका होते, सातारा जिल्ह्यात डोंगरी भागातल्या उपकेंद्राला, आता रिटायर झालेय. आणि "सिस्टर घरी कशाला जातात" हा प्रश्न मला गावातल्या लोकांनी क्वचित विचारला, आमच्याच खात्यातल्यांनी जास्त विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, एक एमओ (मेडिकल ऑफिसर) होते, नाव लिहीत नाही. डॉक्टर म्हणून हुशार, हाताला यश होतं, पण दर मासिक मीटिंगला एकच धोशा, की सिस्टर, आता सगळ्या डिलिव्हऱ्या दवाखान्यात होतात, डिस्चार्ज कार्ड घेऊनच बाई घरी जाते, पुढच्या भेटी आशा करते, तुम्ही वाड्यावस्त्यांवर पायपीट करण्यापेक्षा उपकेंद्रात बसा आणि ऑनलाइन एंट्र्या पूर्ण करा. वर गडचिरोलीचा दाखला द्यायचे. तो दाखला खोटा नव्हता. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशांना तेच काम दिलं. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. आशा ताईंनी ते काम जीव तोडून केलंय, मी डोळ्यांनी बघितलंय. पण माझं सरांना एकच म्हणणं असायचं, की सर, आशाच्या पिशवीत थर्मामीटर आहे, बाळाचा वजनकाटा आहे, श्वास मोजायला घड्याळ आहे, बीपीचं मशीन आहे का? ते सगळं बाळासाठी आहे. आईचं कोण बघणार?

तर ऐका. पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या आशा ताईचा फोन आला, की वरच्या वस्तीवर अमक्याची लेक मुंबईहून बाळंतपणाला आलीय, चार-पाच दिवसांची बाळंतीण आहे, माझ्या यादीत नाही, काय करू? यादीत नव्हतीच ती, कारण नोंदणी नवऱ्याकडे मुंबईत, डिलिव्हरी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात, आणि राहायला माहेरी. अशी बाई तिन्ही ठिकाणच्या रजिस्टरमधून निसटते. मुंबईवाल्यांना वाटतं गावाला गेली, गावातल्यांना वाटतं आपली केस नाही. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची रीत, म्हणजे ज्या पहिलटकरणीला सगळ्यात जास्त बघायला पाहिजे तीच कुणाच्या यादीत नसते. मी म्हटलं यादी राहू दे, येते मी.

गेले तर खोलीत अंधार, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, पोरीचं डोकं कान बांधून घट्ट. बाळ छान होतं, रंग चांगला, ओढून पीत होतं, वजन व्यवस्थित. घरातले सगळे बाळाभोवती. मी दार जरा उघडलं तर तिने डोळ्यांवर हात घेतला, आणि त्या हाताकडे माझं लक्ष गेलं. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, कडेने कातडी वर आलेली. बांगडी फिरवून बघितली तर फिरेना. विचारलं, डोकं दुखतंय का? तिच्या आईनेच सांगितलं, कालपासून दुखतंय, वारं लागलंय, म्हणून तर कान बांधलेत, आणि जागरण आहे ना. बीपी घेतलं, १७०/११०. मला वाटलं धुराने जीव घाबरला असेल, तिला बाहेर पडवीत आणून बसवलं, थोडं थांबून दुसऱ्या हाताला घेतलं, तेवढंच. डोळ्यापुढं काही दिसतं का ग विचारलं तर म्हणाली, काजवे चमकतात.

गरोदरपणात तिचं बीपी एकदाही वाढलं नव्हतं, फाईल बघितली मी. लोकांना वाटतं बीपी, झटके वगैरे डिलिव्हरीच्या आधीचं दुखणं, बाळ झालं की सुटलो. तसं नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात वर जातं, आधी नॉर्मल असलेल्या बाईचं सुद्धा जाऊ शकतं, आणि धोका सहा आठवड्यांपर्यंत असतो. नॉर्मल डिलिव्हरीची बाई तोवर डिस्चार्ज होऊन घरी आलेली असते. म्हणजे ज्या दिवसात मशीन लावायला पाहिजे त्याच दिवसात तिच्याजवळ मशीन नाही. त्या दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या लसीची तारीख होती, टाके बघायची तारीख होती, आईच्या बीपीबद्दल एक अक्षर नव्हतं.

घरातून लगेच कुणी हलेना. त्या संध्याकाळी पाचवी होती, पाहुणे यायचे होते, तिचे वडील म्हणाले, सटवाईची पूजा झाली की रात्री नेतो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, दादा, रात्रीपर्यंत हिला झटका आला तर पूजा कुणासाठी करताय? त्यांना राग आला, पण म्हातारी आजी कोपऱ्यातून बोलली, पाटा कुठं पळून जात नाय, पोरीला न्या. आजीने ऐकलं म्हणून झालं, माझ्या एकटीचं ऐकलं नसतं. १०८ ला फोन लावला, गाडी वस्तीपर्यंत येईना, जीपने पीएचसीला आणलं, बाळ बरोबर. त्याच एमओंनी झटके येऊ नयेत म्हणून मॅगसल्फचं इंजेक्शन दिलं, बीपीची गोळी दिली आणि पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं. उपचारात एक मिनिट घालवलं नाही त्यांनी, ते मी नाकारणार नाही. पोरगी बरी होऊन आली.

आणि पुढच्या मीटिंगला? सर म्हणाले, सिस्टर, नशीब चांगलं, पण एका केसवरून धोरण ठरत नाही. मला ते अजून पटलेलं नाही. नशीब कसलं? कुणीतरी घरी जाऊन मशीन लावलं म्हणून कळलं. ओपीडीत बसून मी कितीही एंट्र्या भरल्या असत्या तरी ती बाई ओपीडीत आली नसती, सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही म्हणून बसलेल्या बाळंतिणी आहेत आपल्याकडे. पहिल्या आठवड्यात निदान एक भेट नर्सची, बीपी मशीन घेऊन, हे झालंच पाहिजे, आशा जाते हे त्याला उत्तर नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, सिस्टर आल्या की आधी म्हणा, बाळाचं राहू द्या, हिचं बीपी बघा. १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० ला तर तासभरही थांबायचं नाही. डोकं दुखून थांबत नाही, डोळ्यापुढे चमकतं, पोटात वरच्या बाजूला दुखतं, ताप, घाण वासाचं जाणं, तासाला पॅड भिजतंय, एक पोटरी सुजून दुखतेय, यातलं काहीही असलं तर "बाळंतपणात असं होतंच" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, सासऱ्यांचंही नाही. आणि माहेरी जाताना दोन्हीकडच्या आशांना फोन करून कळवत जा.

आता हेही खरं, की सगळ्या सिस्टर मशीन घेऊन येत नाहीत, काही ठिकाणी दारातूनच सही घेऊन जातात. डोंगरी भागात ३००० आणि सपाटीला ५००० लोकांमागे एक उपकेंद्र असा हिशोब आहे, त्यात शेजारच्या उपकेंद्राची जागा रिकामी असली की तोही भार तिच्याच डोक्यावर. मशीन नसेल तर सरळ विचारा कधी आणणार, किंवा पीएचसीला नेऊन बीपी बघून घ्या.

आधार-पासबुक मातृवंदना योजनेसाठी मागतात, निकषात बसत असाल तर पहिल्या बाळाला ५००० रुपये मिळतात, नको असतील तर नाही म्हणा, त्यासाठी भेट नाकारायची गरज नाही. फक्त फोनवर कुणी योजनेच्या नावाने ओटीपी मागितला तर देऊ नका. लसी प्रायव्हेटला दिल्या तरी चालतं, माता-बाल कार्डावर तारखा लिहून घ्या आणि सिस्टरना दाखवा, म्हणजे त्यांच्याकडे बाळ "लस राहिलेलं" असं दिसणार नाही.